शंभर टक्के माफी

“फोन टेबलावर ठेवा. आणि आहात तिथंच बसून राहा,” चष्मा लावलेल्या बाई म्हणाल्या. त्या हिंदीत बोलत होत्या आणि त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

सकाळचे साडेदहा झाले होते. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत दिवसाचं पहिलं ओतकाम चालू होतं, खिडकीच्या काचेवर भट्टीचा लालसर उजेड हलत होता. एकूण पाच माणसं आली होती. दोघं दारात उभे राहिले, दोघं कपाटाकडं वळले. मला वाटलं, इन्कम टॅक्सवाले असतील. बाईंनी मॅजिस्ट्रेटच्या सहीचा कागद पुढं केला, त्यावर स्पर्धा आयोगाचं नाव होतं. धंद्यातलं साटंलोटं पकडणारं असं काही खातं देशात आहे, हेच मला तोवर माहीत नव्हतं.

“मॅनहोलची झाकणं किती वर्षं बनवताय?”

“मिस्टरांनी सुरू केलं. चौदा वर्षं झाली.”

“तुम्ही स्वतः कधीपासून बघताय?”

“पाच वर्षं. ते गेल्यापासून.”

त्यांनी माझा फोन उचलून माझ्यासमोर धरला. मी तो उघडून दिला. बोटानं मेसेज सरकवत त्या एका जागी थांबल्या.

“‘मंगळवारी चहाला या.’ हे मगदूम कोण? दर महिन्याला चहाला बोलावतात?”

 बाहेर क्रेनची घंटा वाजली, कुणीतरी “सोड, सोड” म्हणून ओरडलं. 

धनपाल मगदूम यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. माझ्या नवऱ्याचे, रणजितचे, ते मित्र. वयानं बारा वर्षांनी मोठे. आमच्या शेडपासून तिसरी शेड त्यांची. रणजित अचानक गेला तेव्हा मला फौंड्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बाराव्याला जमलेल्या नातेवाइकांनी शेड विकून मोकळं व्हायचा सल्ला दिला. अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. निघताना चपला घालता घालता मला एवढंच म्हणाले, “वहिनी, सोमवारी साडेसातला गेटवर या. मी येतो.”

ते आले. पुढचे तीन महिने रोज सकाळी एक तास स्वतःची भट्टी सोडून ते माझ्या शेडमध्ये उभे राहिले. वाळू मुठीत दाबून तिची ओल कशी बघायची, धातूचा रंग कुठवर गेला की ओतायचा, साचे भरणारा कुठला मोल्डर खरं सांगतो आणि कुठला साहेबाला आवडेल ते सांगतो, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. चौथ्या महिन्यात म्हणाले, “मंगळवारी चहाला चला.”

हायवेवरच्या एका हॉटेलात चौघं बसलो होतो. अण्णा, शिरगुप्पे, हुक्केरी आणि मी. आमच्या भागातल्या नगरपालिकांना झाकणं पुरवणाऱ्या मोठ्या फौंड्र्या या चारच. टेंडर निघालं की ते या वेळी कुणी घ्यायचं हे त्या टेबलावर ठरायचं. ज्याची पाळी त्याचा भाव अण्णा एका चिठ्ठीवर लिहायचे, बाकीच्या तिघांनी त्याच्या वरचा भरायचा. पालिकेला वाटायचं, चार भाव आले, त्यातला कमीचा घेतला.

“या वेळचं वहिनींना,” अण्णा म्हणाले.

“पाळी माझी आहे,” शिरगुप्पे म्हणाले.

“तुमच्या शेडला दोन महिने काम नसलं तरी चालतंय. त्यांच्या माणसांचा पगार या महिन्यात झाला नाही तर दार लागतंय. बघा, पटतंय काय.”

शिरगुप्प्यांनी बशीत चहा ओतला आणि मान हलवली. मी तिथंच, तीन परक्या पुरुषांसमोर, रडले. वेटर बिल घेऊन आला होता, तो तसाच मागं फिरला.

यात काही चूक आहे, असं मला त्या दिवशी वाटलं नाही. पुढं वाटू लागलं, पण म्हणून मी जायची थांबले नाही. नवनाथ कुरणे नावाच्या एका इंजिनिअरनं हातकणंगल्याजवळ छोटी फौंड्री टाकली. अण्णांनी त्याला चहाला बोलावलं, तो आला नाही. त्यानं आमच्यापेक्षा पुष्कळ कमी भाव भरून एक टेंडर घेतलं. पुढच्या मंगळवारी ठरलं की त्याला साच्याची वाळू मिळता कामा नये. वाळूवाला माझ्या माहेरच्या ओळखीचा, म्हणून त्याला फोन मी केला. “कुरण्यांना दिलीत तर आम्ही चौघं तुमच्याकडून घेणार नाही,” असं मी अगदी गोड आवाजात सांगितलं. आठ महिन्यांत कुरण्याच्या शेडला कुलूप लागलं. दिल्लीला आयोगाकडं तक्रार त्यानंच केली होती.

छापा चौघांवरही एकाच वेळी पडला होता. संध्याकाळी आम्ही अण्णांच्या घरी जमलो. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. प्रभावतीवहिनींनी आम्हालाही बळंच ताटावर बसवलं. 

“फोनमधलं सगळं काढून नेलंय,” शिरगुप्पे म्हणाले.

“नेऊ दे,” अण्णा म्हणाले. “चहाला बोलावणं काय गुन्हा आहे? आपण एक धंदा करतो, भेटतो, बोलतो. चौघांनी एवढंच सांगायचं. आणि एक लक्षात ठेवा. आता जे काय करायचं ते चौघांनी बसून, विचारून करायचं. एकट्यानं कुणी हलायचं नाही.”

त्यांनी प्रत्येकाकडं बघितलं. माझ्याकडं बघताना नजर जरा मऊ झाली. “तुम्ही काळजी करू नका, वहिनी. शनिवारी परत बसू.”

बुधवारी मी पुण्याला गेले. माझ्या बहिणीनं शर्वरी तांबवेकर नावाच्या वकीलबाईंची वेळ घेतली होती. त्यांनी पाऊण तास माझं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही.

“दंड उलाढालीवर लागतो,” त्या म्हणाल्या. “जितकी वर्षं हे चाललं तितक्या वर्षांचा. कंपनीला वेगळा आणि ती चालवणाऱ्याला वेगळा. तुमच्या आकाराच्या युनिटला हे झेपणार नाही, मी खोटी आशा दाखवत नाही.”

“मग?”

“कायद्यात एक वाट आहे. जो पहिल्यांदा जाऊन सगळं खरं सांगेल, त्याला दंडात शंभर टक्क्यांपर्यंत माफी मिळू शकते. दुसऱ्याला पन्नासपर्यंत. तिसऱ्याला त्याहून कमी. पण तुम्ही जे सांगाल ते त्यांच्याकडे नसलं पाहिजे. नुसत्या मेसेजवर केस उभी राहत नाही. तुमच्याकडे काही लेखी आहे?”

लेखी होतं. रणजितला सवय होती, म्हणून मलाही लागली होती. त्या टेबलावर काय ठरलं ते मी घरी येऊन तारखेनिशी एका वहीत लिहून ठेवत असे. अण्णांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्याही त्यातच घातलेल्या होत्या. छापा फौंड्रीवर पडला, वही घरी होती.

“आहे,” मी म्हणाले. “पण त्यात सगळीकडं अण्णाच आहेत.”

“असणारच. बोलावणारे तेच होते.”

“त्यांना सांगून गेले तर?”

तांबवेकरबाईंनी पेन खाली ठेवलं. “हेमलताताई, आज बुधवार आहे. छापा सोमवारी पडला. बाकी तिघांचेही वकील असतील आणि त्यांनाही हेच माहीत असेल. या क्षणी त्यांच्यातला कुणी दिल्लीला फोन लावतोय की नाही, हे तुम्हाला सांगता येईल का?”

मला शिरगुप्पे आठवले. बशीतला चहा फुंकणारे, पाळीवरून कुरकुरणारे. शिरगुप्पे जातील, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर कराडपर्यंत मी तेच स्वतःला सांगत राहिले. घरी मुलगी बारावीचा अभ्यास करत बसली होती, शेडमध्ये बेचाळीस माणसं होती. हे सगळं खरंच होतं. पण त्याबरोबर हेही खरं की अण्णा जातील असं मला एकदाही वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी अकरा चाळीसला तांबवेकरबाईंनी माझ्या नावानं अर्ज पाठवला. बाराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. “तुम्ही पहिल्या आहात,” त्या म्हणाल्या. “आता कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. नाव गुप्त राहील. तुम्हीही गुप्त ठेवायचं.”

शनिवारी मी अण्णांकडं गेले. न जाणं दिसून आलं असतं. पण तिथं बसवेना. शिरगुप्पे काहीतरी बडबडत होते, हुक्केरी पेपर चाळत होते, अण्णा घसा साफ करून बोलायला लागणार एवढ्यात मी उठले.

“डोकं फार दुखतंय. जाऊ का?”

“जावा की. गोळी देऊ का?” प्रभावतीवहिनी म्हणाल्या.

“जरा थांबला असता तर बरं झालं असतं,” अण्णा म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, “नाही, जावा तुम्ही. झोपा.”

त्यानंतर पुण्याला चार आणि दिल्लीला दोन खेपा झाल्या. छाप्याला आलेल्या त्याच चष्मा लावलेल्या बाई समोर बसून विचारायच्या, मी सांगायचे. तारीख, टेंडर, कुणाची पाळी, चिठ्ठी कुणी लिहिली. वाळूवाल्याचंही सांगितलं. शेवटी प्रत्येक पानावर सही केली. एकदा मी म्हणाले होते, “मॅडम, नवरा गेल्यावर त्यांनी मला धंदा शिकवला, त्यांच्यामुळंच मी...” तांबवेकरबाईंनी टेबलाखालून माझ्या हाताला हलकेच स्पर्श केला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “त्याची गरज नाही. विचारलं तेवढंच सांगायचं.” मी ऐकलं.

असे चौदा महिने गेले. त्या काळात अण्णांचं माझ्याकडं येणं थांबलं नाही, हे सांगायला मला आजही जड जातं. छाप्यानंतर मंगळवारचा चहा बंद झाला होता, पण ते शेडवर चक्कर टाकायचे. एका दुपारी माझ्या भट्टीची कॉइल, धातू तापवणारी तांब्याची नळी, फुटली. आत वितळलेला धातू होता. तो आतच थिजला की भट्टी मोडीत निघते. माझा फिटर सुट्टीवर. मी कुणालाही फोन केला नव्हता, तरी दहा मिनिटांत अण्णा त्यांच्या फिटरला आणि सहा माणसांना घेऊन आले. बासष्ट वर्षांचा माणूस, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून धगीत उभा राहिला आणि धातू बाहेर काढवून घेतला.

नंतर नऊ दिवस माझं ओतकाम त्यांच्या भट्टीवर झालं. ट्रकमधून साचे जायचे आणि झाकणं परत यायची.

“अण्णा, याचं काय ते सांगा,” मी दहाव्या दिवशी म्हणाले.

“कशाचं?”

“भट्टी वापरली त्याचं.”

“रणजितला विचारा,” ते हसून म्हणाले आणि निघून गेले. मी ऑफिसचं दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांना हाक मारून सगळं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढं कितीतरी वेळा केला. अर्ज बाद झाला असता, असं वकील म्हणाल्या असत्या. तेच कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

मग तपासाचा अहवाल आला, चौघांनाही. तांबवेकरबाईंनी आधीच बजावलं होतं, “नाव झाकलेलं असेल, पण मजकूर वाचून कोण बोललं ते न कळणारा माणूस नसतो. तयारी ठेवा.”

रविवारी दुपारी अण्णा घरी आले. एकटेच, रिक्षानं. बगलेत कागदांची जाड चळत होती. सोफ्यावर न बसता म्हणाले, “साधी खुर्ची द्या वहिनी. गुडघा दुखतोय, खाली बसलं की उठवत नाही.”

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. ते त्यांनी पूर्ण प्यायलं.

“इंग्रजी मला कमी. भाच्याकडून वाचून घेतलं. तीनदा.”

“अण्णा, मी...”

“थांबा. माझं होऊ दे आधी.” त्यांनी कागदांवर हात ठेवला. “यात एक अक्षर खोटं नाही. तारखा बरोबर आहेत. कुणाची पाळी कधी, ते बरोबर. माझ्याच चिठ्ठ्या आहेत. कुरण्याचं पण बरोबर लिहिलंय. त्याच्यावर आपण वाईट वेळ आणली. वाळूवाल्याला फोन तुम्ही केलेला, तो पण तुम्ही लपवला नाही. बरं केलं.”

बाहेर शेजारच्या मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालला होता. 

“एकच राहिलंय यात,” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी तुम्ही रडला होतासा. ते कुठं नाही.”

“वकील म्हणाल्या, त्याची गरज नाही.”

“वकिलांना नसेल. पण तिकडं दिल्लीत कोण साहेब बसून हे वाचणार. त्याला वाटणार, हा मगदूम म्हणजे...” त्यांनी कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. “जाऊ दे. मला एक सांगा. पहिल्यानं जाईल त्याला माफी, हे तुम्हाला कधी कळलं?”

“बुधवारी. छाप्यानंतरच्या.”

“मला मंगळवारीच. भाच्यानं सांगितलं. मामा, आज रात्रीच्या गाडीनं निघा म्हणाला. मी म्हटलं, एकट्यानं कसं जायचं? शनिवारी चौघं बसू, विचारू, मग ठरवू.”

मी रिकामा ग्लास उचलला आणि परत तिथंच ठेवला.

“शनिवारी मी तेच काढणार होतो,” ते म्हणाले. “जायचं तर एकालाच पूर्ण माफी आहे म्हणे. तर वहिनींना जाऊ दे, असं म्हणणार होतो. आमचं काय, पोरं हाताशी आलेली. शिरगुप्पे भांडला असता, पण मी बघून घेतलं असतं. एवढ्यात तुमचं डोकं दुखायला लागलं. तुम्ही नसताना तो विषय काढण्यात काय अर्थ नव्हता. मग राहूनच गेलं.”

टेंडरचे कागद सोडले तर अण्णा खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. ते बोलले तेही मला टोचावं म्हणून नव्हे. एखाद्या साच्यात कुठं चूक झाली ते सांगावं तसं, सरळ.

“अण्णा, मला भीती वाटली,” मी म्हणाले. “शिरगुप्पे जातील असं वाटलं.”

“शिरगुप्पे कुठं गेला? तो तर वकीलच लावायला तयार नव्हता.” ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. “भीती वाटणारच. मला पण वाटली होती.”

दारात त्यांनी चपला शोधल्या. मी वाकून त्या सरळ करून ठेवायला गेले, तर त्यांनी घाईनं पाय मागं घेतला. “नको, नको,” म्हणाले. माझ्या घराचा उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला नाही.

दिल्लीच्या सुनावणीला नवनाथ कुरणे आला होता. तोवर तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता, एका दिवसाची रजा काढून आला होता. बाहेरच्या बाकावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

“वाळूसाठी फोन मी केला होता,” मी म्हणाले.

“वाचलं मी,” तो म्हणाला. “तेव्हा मला वाटायचं, वाळूवाल्याचंच माझ्याशी काहीतरी वाकडं आहे. दोनदा त्याच्या पाया पडून आलो.”

“मला माफ करा.”

तो आपल्या बुटांकडं बघत राहिला. “मॅडम, यांना दंड झाला तरी तो सरकारात जमा होणार. मी विचारून घेतलंय. माझी शेड काही परत उघडत नाही. नुकसानभरपाईसाठी निराळा अर्ज करता येतो म्हणे. पण आता त्याच्यामागं हिंडायचं त्राण नाही.” मग त्याला आत बोलावलं आणि तो गेला.

निकाल सात महिन्यांनी लागला. मला शंभर टक्के माफी मिळाली. तांबवेकरबाईंनी फोनवर अभिनंदन केलं, मी आभार मानले. शिरगुप्पे आणि हुक्केरी यांना दंड झाला, पण त्यांचे दुसरे धंदे होते, ते तरले. अण्णांना सगळ्यात जास्त लागला. बोलावणारे, ठरवणारे, लिहिणारे तेच, असं निकालात स्पष्ट म्हटलं होतं. त्यांना स्वतःला वेगळा दंड झाला. भाचा अपिलात जा म्हणत होता. अण्णा नाही म्हणाले. “लिहिलंय ते खरं आहे, मग अपील कसलं?” असं म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आधी एक भट्टी विकली, मग दुसरी. मग शेडच दिली.

त्या आठवड्यात एका सकाळी माझ्या गेटवर नऊ माणसं येऊन उभी राहिली. हातात डबे होते. सगळी अण्णांकडची. त्यातल्या सगळ्यात जुन्या मोल्डरला, लगमाण्णाला, मी ओळखत होते. माझी कॉइल फुटली त्या दिवशी धातू काढायला तोच पुढं होता.

“काम असेल तर बघा,” तो म्हणाला. “अण्णांनी धाडलंय. म्हणाले, पोवारवहिनींकडं जावा. पगार वेळेवर होतो तिथं.”

मला नऊ माणसांची गरज नव्हती. मी नऊही ठेवून घेतली. त्यांना आत पाठवलं आणि बऱ्याच महिन्यांनी अण्णांचा नंबर लावला. ते उचलतील असं वाटलं नव्हतं, पण पहिल्याच रिंगला उचलला.

“अण्णा, माणसं पोचली.”

“किती आली?”

“नऊ.”

“दहावा गावाकडं गेला असेल. येऊ दे, आला तर.”   मी म्हणाले, “अण्णा, मला तुम्हाला भेटायला यायचंय.”

“ते बघू,” ते म्हणाले. “एक सांगायचं राहिलं. त्यात तो सदाशिव आहे बघा, उंच, टोपीवाला. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणाला सांगत नाही तो, लाजतो. त्याला क्रेनखाली उभा करू नका.”

“नाही करणार.”

“आणि त्याला ते सांगू नका, मी सांगितलं म्हणून.”

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेले. एकदा प्रभावतीवहिनी म्हणाल्या, झोपलेत. एकदा दार उघडलंच नाही. पुढं दीड वर्षांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. त्या दिवसांत कुणालाच कुणाकडं जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले नाही हे कुणाला खटकलं नाही.

सदाशिव अजून माझ्याकडंच आहे. मी त्याला साचे भरायच्या कोपऱ्यात ठेवलंय, भिंतीकडं डावी बाजू करून. त्यानं कारण कधी विचारलं नाही.